ग्रहण लावा, पण पंचांग बघून

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका खेड्यात, १९७२ च्या दुष्काळात घडणारी कादंबरी. पाऊस हिच्यामुळंच गेला म्हणून गावानं नायिकेला अपशकुनी ठरवलंय. शेवटच्या प्रकरणात पारावर पंचायत बसते, तिला गावाबाहेर काढायचं ठरतं आणि तेवढ्यात भरदुपारी खग्रास सूर्यग्रहण लागतं. अंधार पडतो, गाव हादरतं, लोक तिच्या पाया पडतात. लेखिकेचा मित्र म्हणतो, ही युक्ती झिजलेली आहे, काढून टाक. लेखिका विचारते, काढू का?

ताई, काढू नका. आहे तसं ठेवूही नका. युक्ती झिजलेली आहे हे खरं, पण त्यानं फारसं बिघडत नाही. जत्रेत हरवलेली भावंडंही झिजलेलीच आहेत, तरी कुणी नीट लिहिली की वाचक रात्र जागवतो. गेली कितीतरी वर्षं मी कथा-एकांकिका लिहितोय आणि नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचतोय. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचं दुखणं वेगळ्याच दोन ठिकाणी आहे.

पहिलं दुखणं सालाचं. १९७२ मध्ये मराठवाड्यातून सूर्यग्रहण दिसलेलं नाही. त्या वर्षी सूर्यग्रहणं झाली दोन. जानेवारीतलं अंटार्क्टिकाकडं, जुलैतलं अलास्का-कॅनडाकडं. बहात्तर साली सुकडी खाऊन खडी फोडलेली माणसं आपल्याकडं अजून घरोघर आहेत. त्यांना मिलोची लाल भाकर आठवते, मुकादम आठवतो, कुठल्या तलावाच्या कामावर कोण होतं तेही आठवतं. भरदुपारी अंधार पडला असता तर तो आठवला नसता का? असा एक वाचक पुस्तक मिटून म्हणेल, "हे काय बी लिवलंय." मग त्याच्या आधीचं सगळं खरं लिहिलेलंही त्याच्या लेखी खोटं होतं.

दुसरं दुखणं मोठं आहे. ग्रहण चालू असताना पारावर पंचायत बसवणारं गाव मला दाखवा. वेध लागल्यापासून जिथं चूल थंड असते, बाया दोन जिवांच्या लेकीला आतल्या खोलीत बसवून तिच्या हातातली सुई काढून घेतात, तिथले पाटील-पंच उघड्या आभाळाखाली निवाडा करत बसतील? ग्रहण अचानक येऊन गावाला गाठतं, ही कल्पनाच आपल्याकडं चालत नाही. पाडव्याला जोशी पंचांग वाचायचा. पाऊस किती, पीकपाणी कसं आणि औंदा ग्रहणं किती, हे गावाला चैत्रातच कळायचं. आता भिंतीवरच्या कॅलेंडरात चौकट करून छापलेलं असतं.

ही युक्ती मुळात आली कुठून ते बघा. २९ फेब्रुवारी १५०४ ला कोलंबस जमैकात अडकून पडला होता, तिथल्या लोकांनी अन्न द्यायचं बंद केलं होतं. त्याच्याकडं रेगिओमोंटानस या जर्मन खगोलशास्त्रज्ञाची छापील पंचांगं होती. त्यात बघून त्यानं धमकी दिली की आज देव चंद्राला रागानं लाल करणार. चंद्रग्रहण लागलं, अन्न सुरू झालं. पुढं गोऱ्या साहसकथांनी हाच प्रसंग पुन्हा पुन्हा वापरला. रायडर हॅगर्डच्या 'किंग सॉलोमन्स माइन्स' या १८८५ च्या कादंबरीत तर पहिल्या आवृत्तीत सूर्यग्रहण होतं. आदल्या रात्री आभाळात पूर्ण चंद्र आणि दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण! आपल्याकडची चौथीतली पोरगी सांगेल की सूर्यग्रहण अमावस्येलाच लागतं. पुढच्या आवृत्त्यांत त्याला ते बदलून चंद्रग्रहण करावं लागलं.

या सगळ्या कथांचा पाया एकच: एका बाजूकडं गणित आहे आणि दुसरी बाजू अडाणी आहे. हा पाया गोदाकाठी घालून बघा, बसत नाही. आपल्या पाथरीला, जुन्या पार्थपुरात, ज्ञानराजानं १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' लिहिला. गोदेकाठच्या गोळग्रामातलं ज्योतिषी घराणं काशीला गेलं आणि त्यातल्या कमलाकरानं १६५८ साली 'सिद्धान्ततत्त्वविवेक' रचला. ग्रहण कधी लागणार, किती लागणार, कधी सुटणार याचं गणित इथं पिढ्यानपिढ्या चालू होतं. राहू गिळतो असं सांगणारा आणि सावलीचं गणित मांडणारा, हे दोघं कित्येकदा एकाच घरात, एकाच अंगरख्यात असायचे. कथाकाराला इथं खरा माल आहे. 'अडाणी गाव विरुद्ध शहाणा' यापेक्षा कितीतरी जास्त.

आपल्याकडचा उत्तम नमुना हवा असेल तर जयद्रथवधाकडं जा. अर्जुनानं प्रतिज्ञा केलीय, सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निकाष्ठं भक्षण करीन. म्हणजे घड्याळ आधीच लावलेलं आहे. कौरवांनी जयद्रथाला सैन्याच्या आत लपवलंय. कृष्ण सूर्य झाकतो. आता बारकाईनं बघा, अंधारानं जयद्रथ मेलेला नाही. अंधारानं फक्त तो बाहेर आला. आता आपण वाचलो, अर्जुन चितेवर चढताना बघू, या मोहानं त्यानं मान वर काढली. मग सूर्य पुन्हा दिसला, आणि 'हा सूर्य, हा जयद्रथ'. अंधारानं माणसाचा स्वभाव उघडा पाडला आणि घात केला तो परत आलेल्या उजेडानं.

अनेक जण छातीठोकपणे सांगतात की ते खग्रास सूर्यग्रहण होतं. त्यांनी द्रोणपर्वात जरा पुढं वाचावं. त्याच रात्री युद्ध चालू राहतं, सैन्य दमतं, चंद्र उगवेपर्यंत झोपा असं अर्जुन म्हणतो आणि उशिरा चंद्र उगवल्यावर पुन्हा लढाई पेटते. ज्या रात्री चंद्र उगवतो त्या दिवशी सूर्यग्रहण नसतं. ज्यानं हा प्रसंग रचला त्यानं योगमाया म्हटलंय आणि तिथी सांभाळलीय. इतकी चोख कथा तुम्ही-आम्ही लिहिली तर संपादकाला कामच उरणार नाही.

तुमच्या कादंबरीत ग्रहण नायिकेला वाचवतं. म्हणजे अडलेलं कथानक आभाळ सोडवतं, माणसं मोकळी. मी हस्तलिखितात असा शेवट दिसला की शेजारी एकच प्रश्न लिहितो: यात निर्णय कुणी घेतला? इसवीसनापूर्वी ४१३ मध्ये अथेन्सचा सेनापती निकियास सिराक्यूजहून माघार घेणार होता. सगळी तयारी झाली आणि चंद्रग्रहण लागलं. ज्योतिष्यांनी थांबायला सांगितलं, तो थांबला, त्या दिरंगाईत सगळं सैन्य गेलं. ग्रहणानं एकही माणूस मारला नाही. एका घाबरट माणसाला थांबायला निमित्त मिळालं, बस. ग्रहणाला कथेत असं निमित्त म्हणून ठेवा. करायचं ते माणसांनी करावं.

ग्रहण आपल्या गावात प्रत्यक्षात करतं काय? अंधार ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट. मोठी गोष्ट म्हणजे वेळापत्रक. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी, चंद्रग्रहणाचे तीन प्रहर. तेवढा वेळ खाणं-पिणं बंद, म्हातारी-कोतारी आणि लेकरांना थोडी सूट. डब्यात, हंड्यात तुळशीचं पान किंवा दर्भ. मोक्ष झाल्यावर, म्हणजे ग्रहण सुटल्यावर अंघोळी, शिळं अन्न टाकून द्यायचं, भरून ठेवलेलं पाणी ओतून द्यायचं. ऐन ग्रहणात गल्लीत चिटपाखरू नाही. आडावर कुणी नाही. आता लेखक म्हणून विचार करा: सगळं गाव दाराआड असलेले दोन-अडीच तास वर्षभरात दुसरे कधी मिळतात? पळून जाणाऱ्याला, चोराला, कुणाला भेटायचं असलेल्या बाईला, ज्या आडावर एरवी पाणी भरू देत नाहीत तिथं घागर बुडवायला निघालेल्या माणसाला? माझ्या मते ग्रहणाचं सगळं नाट्य या रिकाम्या गल्लीत आहे.

एक तिथी सांगतो, वापरून बघा. २६ डिसेंबर २०१९ चं सूर्यग्रहण. केरळ-तमिळनाडूत ते कंकणाकृती दिसलं, आपल्याकडं खंडग्रास, साधारण सकाळी आठ ते अकरा. तिथी होती मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या, आपली येळवस. येळवशीला काय असतं ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. रानात कडब्याची कोप, आत पाच पांडव, डोक्यावरून नेलेली आंबिलाची बिंदगी, भज्जी, उंडे, खीर आणि ओळखीचा-अनोळखी जो येईल त्याला जेवण. भज्जीची तयारी आदल्या रात्रीपासून. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे सोलून ठेवलेले, आंबील लावलेलं. आणि त्याच रात्री वेध लागतायत! सासू म्हणते रानातली लक्ष्मी उपाशी ठेवायची नाही. जोशीबुवा म्हणतात शिजवू नका. पुण्याहून आलेल्या मुलाला दुपारच्या गाडीनं परत जायचंय. सून दोन जिवांची आहे आणि सगळे दाणे तिनंच सोललेत. यात अंधार पडायची गरज आहे का? तिकडं तो पडलाही नाही. एका टोपल्यातल्या सोललेल्या दाण्यांवर अख्खी कथा उभी राहते.

ग्रहणातल्या घराचं एक दृश्य जवळून सांगतो, कारण लेखक ते सोडून भलत्याच काळ्या सावल्या लिहीत बसतात. मधल्या घरात पितळी परात, परातीत बोटभर पाणी, पाण्यात मुसळ उभं केलेलं. हात सोडला तरी उभं. पोरं भोवती उकिडवी बसलेली, श्वास रोखून. आजी म्हणते, "हात लावू नका रे, गिऱ्हाण हाय तवर उभं ऱ्हातंय. सुटलं की आपसूक पडतंय." मुसळाच्या बुडाला लोखंडी कडं असतं, बूड सपाट असतं, तोल साधला की ते कुठल्याही मंगळवारी उभं राहील. पण एरवी ते उभं करून बघतं कोण? एकांकिकेत मला हे मुसळ फार आवडतं, कारण प्रेक्षकाला आभाळ दाखवावंच लागत नाही. रंगमंचाच्या मधोमध ते उभं आहे, बाजूला दोन जावा वाटणीवरून हळू आवाजात भांडतायत, सगळ्यांचा एक डोळा मुसळावर. आणि पंचांगातल्या मोक्षाच्या बऱ्याच आधी कुणाचा तरी पाय परातीला लागतो.

गल्लीतली आरोळीही कथेत क्वचितच येते: "दे दान, सुटे गिऱ्हाण!" राहूशी नातं जोडून मातंग समाजातल्या माणसांना ग्रहणाचं दान द्यायची रीत होती. वर्षभर ज्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्याच्याच झोळीत धान्य आणि जुनेर घातल्याशिवाय आपला सूर्य सुटत नाही, असं मानणारं गाव. ही व्यवस्था केवढी विचित्र आणि केवढी बोलकी आहे! बहुतेक कथा माडीवरून ग्रहण बघतात. झोळी घेऊन निघालेल्या बापाच्या बाजूनं बघा. त्याला वेध नाहीत, त्याला कामाचा दिवस आहे. आणि शिकलेला मुलगा दारात आडवा उभा आहे की आता ही आरोळी आपल्या घरातून जायची नाही.

त्याच गावात मशीद असेल. मराठवाड्यातलं गाव लिहिताना ती विसरली जाते, याचं मला नेहमी नवल वाटतं. ग्रहणात तिथं वेगळी नमाज होते, सलातुल कुसूफ. तिच्यामागची हकीकत कथाकारानं ऐकावी अशी आहे. पैगंबरांचा लहान मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणाले, या मृत्यूमुळंच सूर्य काळवंडला. पैगंबरांनी सांगितलं की सूर्य आणि चंद्र या ईश्वराच्या खुणा आहेत, कुणाच्या मरणानं किंवा जन्मानं त्यांना ग्रहण लागत नाही. स्वतःचं मूल गेलेलं असताना. तुमच्या शेवटच्या प्रकरणात, सूर्य हिच्यामुळं झाकला म्हणणारे आणि सूर्य हिच्यासाठी झाकला म्हणणारे दोन्ही असतील, तेव्हा एखाद्या चाचांच्या तोंडी हे येऊ द्या. भाषण नको, बीडी पेटवता पेटवता एक वाक्य.

आता थोडं उजेडाबद्दल, कारण चुका इथं फार होतात. सूर्य नव्वद टक्के झाकला तरी रात्र होत नाही. डोळा सावकाश जुळवून घेतो, घरात बसलेल्याला पत्ताही लागत नाही. ऊन मात्र मळकट, थंड वाटायला लागतं आणि सावल्यांच्या कडा धारदार होतात. लिंबाच्या झाडाखाली बघा, पानांच्या फटींतून पडलेले सगळे कवडसे चंद्रकोरी झालेले असतात, शेकडो, एकाच दिशेला तोंड केलेल्या. खंडग्रास ग्रहण लिहायचं तर हे लिहा, अंधार लिहू नका. खग्रास असेल तर शेवटच्या मिनिटात उजेड झपाट्यानं जातो, क्षितिजाला चारी बाजूंनी तांबूस कड येते, शुक्र दिसतो. पण हे सगळं दोन-तीन मिनिटांचं. सैद्धान्तिक कमाल साडेसात मिनिटं, तीही क्वचित. तुमच्या प्रकरणात अंधारात सरपंच दीड पान बोलतो, मग म्हातारी रडते, मग नायिका आपली कहाणी सांगते. तेवढ्यात सूर्य सुटून लोक जेवायलाही बसले असतील.

लांब संवाद हवा असेल तर चंद्रग्रहण घ्या. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आपल्याकडून दिसलेलं खग्रास चंद्रग्रहण आठवा, अकराला चंद्र पूर्ण झाकला तो १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत. एकूण ८२ मिनिटं तांब्यासारखा चंद्र. एवढ्यात अख्खी एकांकिका होते आणि वेळ उरतो. शिवाय सूर्यग्रहणाची खग्रास सावली एका अरुंद पट्ट्यावरून जाते, एका गावाच्या वाट्याला सरासरी पावणेचारशे वर्षांत एकदा येते. चंद्रग्रहण रात्र असलेल्या अर्ध्या पृथ्वीला दिसतं. कथेत ते योगायोग वाटत नाही.

बांधणीसाठी पंचांगच उघडा. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. सावली टेकली, पूर्ण झाकलं, अर्धी वाट झाली, पहिली कड उघडली, सुटलं. नाटकाचे पाच टप्पे आयते छापलेत, प्रत्येकापुढं वेळही आहे. माझा अनुभव असा की मुख्य घटना मध्यावर ठेवली की ती अपेक्षित वाटते. संमीलनाच्या जरा आधी, म्हणजे लोक अजून वाट बघत असताना ठेवली की चटका बसतो. आणखी दोन सोयी पंचांगात आहेत: ग्रस्तोदित, म्हणजे ग्रहण लागलेलंच बिंब उगवणं, आणि ग्रस्तास्त, म्हणजे न सुटताच मावळणं. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, सूर्य असा ग्रस्तास्त मावळला आणि पाडवा एक दिवस पुढं गेला. मोक्ष न बघता संपणारी कथा ज्याला लिहायचीय त्यानं याकडं बघावं. आणि ढग विसरू नका. जुलै-ऑगस्टमधलं ग्रहण आपल्याकडं बहुधा ढगातच जातं. वेध पाळले, लेकरं उपाशी ठेवली आणि दिसलं काहीच नाही, ही तर आणखी चांगली कथा.

साल बदलायचं म्हणता, तर मराठवाड्याला खरोखर खग्रास सूर्यग्रहण हवं असेल तर मागं जा, २२ जानेवारी १८९८. विजयदुर्गाकडून आलेली सावली करमाळ्याजवळच्या जेऊरवरून वऱ्हाड-नागपुराकडं गेली. जेऊर आणि वऱ्हाड यांच्या मध्ये काय आहे ते नकाशात बघा. दुपारची वेळ, जेमतेम दोन मिनिटांचा अंधार, पौष अमावस्या आणि वार शनिवार. शनि-अमावस्येला खग्रास! हे तुम्ही मनानं लिहिलं असतं तर मी खोडलं असतं. जेऊरला पुण्याहून खगोलशास्त्रज्ञ नायगमवाला आपली यंत्रं घेऊन आले होते, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथंच उतरली होती. पलीकडं परांड्यापासून मोगलाई, निजाम मीर महबूब अली खान यांचं राज्य, खेड्यात पाटील-पटवारी. एक-दोन वर्षांपूर्वीचा दुष्काळ अंगावरून गेलेला, मुंबई-पुण्यात प्लेग. सरहद्दीच्या अलीकडं साहेब दुर्बिणी लावतोय आणि पलीकडं गाव दारं लावून बसलंय. (याच ग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर आले होते. आपल्याकडं मात्र सर्रास छापतात की त्यांनी १८६८ मध्ये तिथं हेलियम शोधला. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकयर इंग्लंडात. कादंबरीत हे घालणार असाल तर एवढं सांभाळा.)

दुसरं साल १९८०. १६ फेब्रुवारीच्या दुपारी खग्रास सावली कारवार-रायचूरकडून गेली, आपल्याकडं सूर्याचा मोठा भाग झाकला, पूर्ण नाही. तोही शनिवार. मुंबईत रस्ते ओस पडले होते, दूरदर्शननं लोकांना घरात ठेवायला सिनेमा दाखवला होता. आणि दुसऱ्या दिवशी, १७ फेब्रुवारीला, राज्यातलं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं. मराठवाड्यात तेव्हा नामांतराची धग होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव जुलै १९७८ चा, त्यानंतर जळालेली घरं लोकांच्या डोळ्यांसमोर ताजी. मघाचा तो झोळी अडवणारा मुलगा औरंगाबादला कॉलेजात असेल तर हेच साल त्याचं आहे. सरकार पडल्याचं मात्र फार ठळक करू नका. खऱ्या आयुष्याला असले योगायोग परवडतात, कादंबरीला महागात पडतात.

पण तुमची कादंबरी दुष्काळाची आहे. दुष्काळ काढला तर तिच्यात काही उरणार नाही. म्हणून मी तुम्हाला २०१३ सुचवेन. २०१२-१३ चा दुष्काळ, जालना-बीड-धाराशिवात टँकरच्या मागं पळणारी गावं, वाळून सरपण झालेल्या मोसंबीच्या बागा. २५ एप्रिलला हनुमान जयंती, चैत्र पौर्णिमा, आणि त्या रात्री एकच्या पुढं खंडग्रास चंद्रग्रहण. किती? चंद्राच्या व्यासाचा जेमतेम दीड टक्का, जेमतेम सत्तावीस मिनिटं. अंगणात उभं राहूनही नीट कळणार नाही एवढं. पण शास्त्रानं ते खंडग्रासच, म्हणजे वेध दुपारपासून.

आता तुमचं गाव तिथं ठेवा. चार-पाच दिवसांनी टँकर आलाय, तोही संध्याकाळी, वेधात. बायांनी हंडे-घागरी-पिंपं भरून घेतलीत. तुळशी वाळून गेल्यात, गावात पान मिळत नाही. रीत म्हणते, ग्रहण सुटलं की भरलेलं पाणी ओता. पुढचा टँकर कधी येईल कुणाला माहीत नाही. ओतायचं का? या एका प्रश्नावर सासू-सुना, जोशी-सरपंच, देवळातली भजनी मंडळी आणि टँकरवाला सगळे एका जागी येतात, आणि कुणालाच पळवाट नाही. तुमची नायिका, जिच्यामुळं पाऊस गेला असं गाव म्हणतं, तिच्या घरची घागर कुणी चालवून घेत नाही. तिनं ओतलं काय, न ओतलं काय, बोल तिलाच लागणार. म्हणजे ती एकटीच मोकळी आहे.

इथं दोन सोपे शेवट तुम्हाला खुणावतील. एक म्हणजे ती पाणी ओतत नाही आणि सकाळी काहीतरी वाईट घडतं. दुसरा म्हणजे शाळेतले गुरुजी येऊन सगळ्यांसमोर ग्लासभर पाणी पितात, गावाचे डोळे उघडतात. दोन्ही माझ्याकडं ढिगानं येतात. पहिल्यात राहू जिंकतो, दुसऱ्यात गुरुजी, माणसं दोन्हींत हरवतात. खऱ्या गावात असं होतं की बहुतेक बाया पाणी ओततच नाहीत आणि ओतलं असं सांगतात. पहाटे गल्लीत थोडंसं पाणी शिंपडलेलं दिसतं, उंबऱ्यापुरतं. सगळ्यांना सगळं माहीत असतं.

पंचायतीचा प्रसंग त्यानंतरच्या सकाळी घ्या, उन्हात, ग्रहण सुटून गेल्यावर. हिनं पाणी ओतलं नाही म्हणून जाब विचारायला बसलेत त्यातल्या प्रत्येकाच्या घरात झाकून ठेवलेला हंडा आहे, आणि रात्रभर दाराआड जागी असलेली तुमची नायिका गल्लीतल्या कुणाच्या उंबऱ्यात किती ओल होती ते बघून आलीय. ती बोलेल की नाही, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर तिनं फक्त एका घराचं नाव घ्यावं, आणि ते तिच्या वैऱ्याचं नसावं.

एक शेवटचं काम. ग्रहणाच्या वेळा ठरल्या की तुमच्या गावाच्या चंद्रोदय-सूर्यास्ताशी ताडून बघा. वैजापूर आणि देगलूर यांच्यात सूर्य दहा-बारा मिनिटांनी मागं-पुढं होतो. हनुमान जयंतीच्या रात्री एक वाजता चंद्र कुठं असेल तेही बघून ठेवा. माझ्या अंदाजानं माथ्यावरून पश्चिमेकडं कललेला. पहिल्या मसुद्यात तुम्ही तो डोंगरामागून उगवताना दाखवाल, अशी मला शंका आहे.